चवथीआधी होकार देऊ नकोस

डिचोली, श्रावण

चि. बायेस,


तुझा फोन झाल्यावर तुझ्या आईशी बोललो. पेडण्यात पावसाने नुसता धुमाकूळ घातलाय, तिचे गुडघे त्यातल्या त्यात बरे आहेत, आणि तू नोकरी सोडलीस हे तिला अजून ठाऊक नाही. तू रजेवर आहेस असंच ती धरून चालली आहे. मी तोंड उघडलं नाही. ते तूच सांग, पण चवथीआधी सांग. गणपतीवर माटोळी बांधायला घरभर माणसं जमलेली असताना असल्या बातम्या फोडायच्या नसतात.

तुझा बेत मला आवडला, हे आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून तू रुसशील. अ‍ॅप आणि संकेतस्थळं बनवणाऱ्यांसाठी मराठीत त्रैमासिक, आणि पडद्यावर मोडलेलं देवनागरी अक्षर पकडून देणारं छोटं साधन. तू फोनवर दाखवलंस ना, ‘दुसऱ्या’मधला ऱ्या फुटून र सुटा पडलेला, आणि त्या बटणावर ‘चिठ्ठी’च्या वेलांटीचा माथाच छाटलेला? मला एकदम आपल्या छापखान्यातले अक्षरांचे खिळे आठवले. रफाराचं टोक खिळ्याच्या बाहेर लोंबत असायचं. फर्मा आवळताना जरा ठोका बसला की तुटलं. जुळारी प्रुफात तेवढ्यावर खूण करायचा आणि मी नवा खिळा शोधत बसायचो. तुमच्या बंगळूरच्या चकचकीत कचेऱ्यांतही तेच दुखणं आहे बघून गंमत वाटली. आणि हे दुखणं दूर करायला कुणी पैसे देईल की नाही, अशी शंका तुला का यावी?

तू सांगितलंस त्या भांडवलवाल्या गृहस्थांचं बोलणं मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. पैसे घालायला तयार आहेत, पण साधन दोन वर्षं फुकट वाटा म्हणतात, आधी माणसं गोळा होऊ देत, कमाईचं मागाहून बघू. भला माणूस असेलही. पण मागाहून बघणार कोण, तू की ते?

एकाच्याच पैशावर विसंबलं की काय होतं ते मी भोगलंय. डिचोलीत आपला छापखाना कशावर चालायचा ते तू लहानपणी पाहिलं आहेस. चलनं, बिलबुकं, ट्रकांच्या फेऱ्यांची पुस्तकं, काट्यावरच्या पावत्या, सगळं खाणीचं. २०१२ साली खाणी बंद झाल्या आणि महिन्याभरात ती पुस्तकं मागायला येणारं माणूस दिसेनासं झालं. त्या दिवसांत भात शिजला तो जत्रेच्या नाटकांच्या हँडबिलांवर, लग्नपत्रिकांवर आणि देवस्थानांच्या पावतीपुस्तकांवर. एकेक गिऱ्हाईक थोडक्या पैशांचं, वर घासाघीस करणारं. पण सगळी एका दिवशी उठून गेली नाहीत. मोठ्या गिऱ्हाइकावर माझा राग नाही हो. ते होतं तेव्हा आपण नवं यंत्र घेतलं. एकटंच होतं, एवढंच.

जावजी दादाजींचं नाव ऐकलंयस? निर्णयसागर छापखान्याचे. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात पोरवयात खिळे घासायच्या कामाला लागलेला मुलगा. १८६४मध्ये त्यांनी आधी खिळ्यांचा कारखाना काढला, छापखाना १८६९मध्ये. राणोजी रावजी आरूंसारखा अक्षर कोरणारा जोडीला. म्हणजे आधी इतरांना लागणारी वस्तू बनवून विकली, मग आपल्याला हवी ती पुस्तकं काढली. निर्णयसागरचं पंचांग घरोघर जायचं, दरवर्षी नवं लागायचं. आणि त्याच छापखान्यातून १८८६पासून ‘काव्यमाला’ निघू लागली, जुनी संस्कृत काव्यं, ती मागणारे असून असून किती असणार? तुझं साधन म्हणजे तुझे खिळे, अंक ही तुझी काव्यमाला. साधनाचं मोल पहिल्या दिवसापासून घे. फुकटची वस्तू बिघडली तर कुणी तक्रारही करत नाही, वापरायचं सोडून देतात, आणि आपल्याला कळतसुद्धा नाही काय चुकलं ते.

तू म्हणशील, मुंबईच्या ‘एक टाइप’वाल्यांनी मुक्ता, बालू असले देखणे फाँट खुल्या परवान्याखाली देऊन टाकलेच की. दिले, आणि मराठीचं भलं झालं. पण जे फुकट द्यायचं ते आपल्या मर्जीने, आपल्या कामातून पोट भरत असताना. दुसऱ्याच्या पैशावर फुकट वाटायचं म्हणजे पुढे पैसेवाला सांगेल तेव्हा दर लावायचा आणि सांगेल तेव्हा गाशा गुंडाळायचा.

पोट एकीकडे आणि मनातलं काम दुसरीकडे कसं ठेवावं, ते कवी अरुण कोलटकरांकडे बघ. जाहिरातीत नावाजलेले कलादिग्दर्शक. कवितेने पोट भरावं अशी अट त्यांनी कवितेवर घातलेली दिसत नाही. अशोक शहाण्यांच्या ‘प्रास’ प्रकाशनाने १९७७मध्ये ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हे पुस्तक काढलं, आणि ‘भिजकी वही’ आलं २००३मध्ये. मधल्या पंचवीस-सव्वीस वर्षांत काय अडलं? तो ना कवीच्या घाईचा प्रश्न होता, ना प्रकाशकाच्या. तुझे गृहस्थ तिमाही आकडे मागतील. आणि उद्या ज्या कंपनीच्या अ‍ॅपवर तू अंकात टीका करशील, तिच्यातही त्यांचेच पैसे असले तर? तुला कुणी फोन करून दटावणार नाही. तूच तो परिच्छेद जरा मऊ करशील. मला भीती वाटते ती याची, बाय.

म्हणून म्हणतो, आठवड्यातले दोन दिवस तरी बाहेरची कामं चालू ठेव. अंकाची वर्गणी एकाच वर्षाची घे. तीन वर्षांची घेतलीस की ते डोक्यावरचं कर्ज. वर्गणीदारांची यादी तुझ्या स्वतःच्या संगणकात असू दे आणि एक छापील प्रत कपाटात. हसू नकोस.

इकडचं म्हणशील तर मामीने ओली हळद लावलीय, पानं पातोळ्यांसाठी तयार आहेत. मोपाला विमान उतरायला लागल्यापासून तुमच्या पेडण्यातून लॅपटॉपवाली पोरं डिचोलीपर्यंत खोल्या विचारत येतात. मागे एक जण आपल्या माडीवर महिनाभर राहून गेला. खिळ्यांच्या केसचा फोटो काढून घेतला आणि रात्रीचं तिसऱ्याच देशातल्या कुणाशी तरी बोलत बसायचा. तुला यायचं असेल तर तीच खोली आहे. भाडं नको, पहिल्या अंकाची प्रुफं मात्र मला वाचायला दे. तुमच्या संगणकाला शुद्धलेखन कळतं म्हणतात, मला काही तसा अनुभव नाही.

तुझा,
मामा

ता. क. त्या गृहस्थांचा कागद इंग्रजीत असेल. सही करण्यापूर्वी मला पाठव. पणजीला आपल्या ओळखीचे वकील आहेत, त्यांना दाखवून घेतो. तोवर, म्हणजे चवथ होईपर्यंत तरी, ‘घरी विचारून सांगते’ असं म्हण.