तटबंदी टिकली, छावणी गेली

दुसऱ्या महायुद्धात नाझी जर्मनीने नॉर्वेच्या उत्तर टोकापासून फ्रान्स-स्पेन सीमेपर्यंत किनाऱ्यावर जी संरक्षणफळी उभारली, तिला ‘अटलांटिक भिंत’ म्हणतात. हिटलरने तिच्याविषयीचा आदेश मार्च १९४२ मध्ये काढला. सलग भिंत ती कधीच नव्हती. बंकर, तोफखाने, टेहळणीचे मनोरे आणि भुयारे यांची ती तुटक रांग होती. बांधकाम टॉट संघटनेकडे होते. तिने जिंकलेल्या देशांतील मजूर आणि कैदी मोठ्या संख्येने वेठीला धरून राबवले. युद्धानंतर बरेचसे लोखंड भंगारात गेले. काँक्रीट फोडणे परवडण्यासारखे नव्हते, म्हणून ते राहिले. आज यातली कित्येक ठिकाणे कायद्याने संरक्षित आहेत. नॉर्मंडीतील लोंग-स्युर-मेरचा तोफखाना २००१ पासून फ्रान्सच्या ऐतिहासिक स्मारकांत गणला जातो.

शत्रूने वेठबिगारांकडून बांधून घेतलेली, आक्रमण पचवण्यासाठी उभी केलेली वास्तू वारसा कशी ठरते? व्हिएन्नाचा कलेतिहासकार अलॉइस रीगल याने १९०३ मध्ये केलेली मांडणी इथे उपयोगी पडते. काही वास्तू आठवण राहावी म्हणूनच बांधलेल्या असतात. इतरांना स्मारकपण नंतरची माणसे देतात. बंकर उघडच दुसऱ्या गटातला. या गटात दोन मूल्यांचे भांडण असते. जुनेपणाचे मूल्य म्हणते, पडझड होऊ द्या. ऐतिहासिक मूल्य म्हणते, पुरावा आहे, झीज थांबवा. वाळूत कलंडलेल्या बंकरांचे रूप १९७५ मध्ये पॉल विरिलियो या फ्रेंच विचारवंताने छायाचित्रांतून दाखवले, तेव्हा पहिल्या मूल्याला नवे बळ मिळाले. पण रीगलच्या हिशेबात अपराधाला रकाना नाही. वास्तू कोणाच्या हाडांवर उभी आहे, हे त्यात कुठेच मोजले जात नाही.

यावर नेहमीचे उत्तर असे की जतन म्हणजे गौरव नव्हे, पुराव्याची राखण. ते बरोबर आहे, पण अर्धेच. पुरावा सगळ्यांचा सारखा टिकत नाही.

ऑल्डर्नी हे इंग्लिश खाडीतले छोटे बेट याचे ठळक उदाहरण. जून १९४० मध्ये तेथील जवळजवळ सगळे रहिवासी हलवले गेले आणि मग बेट जर्मनांच्या ताब्यात गेले. तिथे चार छावण्या उभ्या राहिल्या. त्यांना हेल्गोलँड, बोर्कुम, नॉर्डर्नाय आणि झिल्ट ही जर्मन बेटांचीच नावे दिली गेली. झिल्टचा ताबा १९४३ मध्ये एसएस या नाझी निमलष्करी दलाकडे आला. ब्रिटनने नेमलेल्या तज्ज्ञांच्या गटाने २०२४ मध्ये बेटावरील मृतांची संख्या ६४१ ते १,०२७ असावी असा अंदाज दिला. बेटावरचे तोफमोर्चे आणि काँक्रीटचा उंच मनोरा ठणठणीत आहेत. कैद्यांच्या लाकडी बराकी मात्र गेल्या. झिल्टच्या फाटकाचे काँक्रीटचे खांब अजून वर दिसतात.

म्हणजे काय टिकावे याचा निर्णय बऱ्याच अंशी बांधणाऱ्याने आधीच करून ठेवलेला असतो. तोफेसाठी काँक्रीट, माणसासाठी फळ्या. जे उरले तेच जपायचे असे ठरवणारी वारसायादी ही उतरंड नकळत पुढे चालवते. दुरुस्तीत हा धोका वाढतो. ऑल्डर्नी ज्यांत मोडते त्या चॅनेल बेटांवर काही बंकरांत तोफा, उपकरणे आणि सैनिकांचे पलंग पूर्ववत मांडले आहेत. त्यामागचा अभ्यास प्रामाणिक आहे. तरीही नीटनेटक्या खोलीत उभे राहिलेल्याला सैनिकाच्या जागेवरून समुद्र दिसतो, मजुराच्या जागेवरून नाही. डेन्मार्कमध्ये ब्लोवांडच्या किनाऱ्यावर शिल्पकार बिल वुड्रो याने १९९५ मध्ये बंकरांना डोकी आणि शेपट्या जोडून त्यांची खेचरे केली, कारण खेचराला संतती होत नाही. ही गंमत पुष्कळ फलकांपेक्षा अधिक सांगते, पण मजूर तिच्यातही नाहीत.

पुरावा हेच कारण असेल तर संरक्षण भिंतीच्या जाडीवर अवलंबून राहू शकत नाही. २०१७ मध्ये ऑल्डर्नीने झिल्ट छावणीचा परिसर संरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर केला. तिथला बहुतेक पुरावा जमिनीखाली, बांधकामांच्या पायांच्या आणि खड्ड्यांच्या रूपात आहे.