पुढे आलेले हात

शेवटचं गाणं झालं की कलाकार पडद्याआड जातो. बी. बी. किंग मात्र लगेच उठत नसत. अमेरिकेतले हे थोर ब्लूज गिटारवादक उतारवयात खुर्चीत बसून वाजवायचे; आणि वाजवणं थांबलं की पुढे आलेल्या हातांत गिटारची नखी ठेवायचे. तार छेडायची ती प्लास्टिकची चिमुकली चकती! घेणारा ती मुठीत घट्ट धरून घरी नेई.

हा माणूस मिसिसिपीतल्या कापसाच्या शेतांत राबलेला. १९४९ साली आर्कान्सामधल्या एका नाचघराला आग लागली, तेव्हा गिटारसाठी तो जळत्या इमारतीत परत शिरला. त्या गिटारचं नाव मग पडलं ल्युसील. १९५६ या एका वर्षात त्याने ३४२ कार्यक्रम केले. विचार करा, घरी किती रात्री झोपला असेल? मला वाटतं, समोर बसलेली माणसं हेच त्याचं घर होतं.

इंडियानोला हे त्याचं गाव. नाव झाल्यावरही तो गावकऱ्यांसाठी वाजवायला वर्षानुवर्षं तिथे येत राहिला. २०१५च्या मे महिन्यात मेम्फिसच्या बील स्ट्रीटवरून त्याची अंत्ययात्रा निघाली, तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा माणसं उभी होती. तिथून त्याला इंडियानोलाला नेलं.