पाण्याखालचे सात जण



शहरावर बॉम्ब टाकून परतणारे तरुण वाटेत मारले गेले, तर त्यांच्या स्मारकापुढे आपण मान लववावी काय?

२९-३० मार्च १९४३ च्या रात्री बर्लिनवरील हल्ल्याहून परतणारे एक ब्रिटिश स्टर्लिंग विमान जर्मन लढाऊ विमानाने हॉलंडमधील सरोवरात पाडले. आतले सातही जण मेले. २०२० साली डच लोकांनी मार्करमेर सरोवरातून त्याचे अवशेष वर काढले.

हे सात जण शूर होते, यात शंका नाही. ब्रिटिश बॉम्बर दलातील सुमारे सव्वा लाख वैमानिक व सहकाऱ्यांपैकी ५५,५७३ मेले. सगळे स्वेच्छेने आलेले, बहुतेक विशीतले. पण खाली कोण होते? त्याच वर्षी जुलैमध्ये एकट्या हॅम्बुर्गमध्ये तीस हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत आया होत्या, लेकरे होती. निरपराध्यांचा जाणूनबुजून वध कोणत्याही चांगल्या हेतूने न्याय्य ठरत नाही. अमेरिकन येशूसंघीय धर्मगुरू जॉन फोर्ड यांनी हे १९४४ साली, म्हणजे स्वतःचा देश लढत असताना लिहिले. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनेही अशा शहरविध्वंसाचा निःसंदिग्ध निषेध केला.

नीतिशास्त्र कृती आणि कर्ता यांत भेद करते. कृती चुकीची असली, तरी कर्त्याचा दोष त्याला किती कळत होते आणि नकार देण्याची किती मोकळीक होती यावर अवलंबून असतो. (हा युक्तिवाद फार ताणू नये. 'हुकूम होता' एवढ्याने कोणी सुटत नाही.) विशीतल्या त्या पोराच्या मनात काय चालले होते, ते देव जाणे. तो न्याय आपल्याकडे सोपवलेला नाही.

म्हणून आमचे मत असे, की मान लववावी. मात्र कृतीचा गौरव करू नये. लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये या दलाचे स्मारक युद्धानंतर तब्बल ६७ वर्षांनी, २०१२ साली उभे राहिले. त्यावर बॉम्बहल्ल्यांत मेलेल्या सर्व राष्ट्रांच्या लोकांचेही स्मरण कोरले आहे. ती ओळ नसती, तर आम्हाला तिथे उभे राहणे जड गेले असते.

डच लोकांनी मात्र वाद घातला नाही. युद्धकाळात, जर्मन अंमल असतानाही, किनाऱ्याला लागलेले वैमानिकांचे देह त्यांनी गावच्या स्मशानभूमीत पुरले. २०२० साली तर त्यांनी सरोवराच्या तळाचा गाळ उपसून चाळणीतून काढला, हाडाचा एखादा तुकडा तरी हाती लागावा म्हणून. त्या गाळात एक सिगारेटची डबी सापडली. तिच्यावर मालकाच्या नावाची आद्याक्षरे होती.