मत कोणाचे, हित कोणाचे

विद्यार्थ्यांच्या हितासाठी निवडणूक लढविणाऱ्याची नैतिक अडचण अशी की, ज्यांच्यासाठी तो उभा राहतो त्यांना बहुधा मतच नसते. महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानुसार अधिसभेच्या १० जागा नोंदणीकृत पदवीधर निवडतात; मत शिकून गेलेल्याचे, शुल्क शिकणाऱ्याचे. इकडे सुपेल्यात, भिलाईच्या पोलाद कारखान्यालगत, तेवढेही नाही: छत्तीसगडच्या शासकीय महाविद्यालयांतील जनभागीदारी समितीचा अध्यक्ष शासनच नेमते. मला पदवीधरांची निवड बरी वाटते. थकलेल्या शुल्काची धास्ती त्यांतल्या काहींना तरी आठवत असेल. पण पदवीची प्रतिष्ठा राखण्यासाठी प्रवेश अवघड करा, असे हेच मतदार म्हणू लागले, तर प्रतिनिधीने दाराबाहेर उभ्या असलेल्या मुलाची बाजू घ्यावी. त्यापायी पुढची निवडणूक गेली तर जावी.