संत पॅट्रिकचे साप



१७ मार्चला ख्रिस्तसभा संत पॅट्रिक यांचे स्मरण करते. आयर्लंडचा हा आश्रयदाता संत आपल्याला दूरचा वाटतो, पण तो तितका दूरचा नाही. पुण्याचे संत पॅट्रिक चर्च १८५० साली ब्रिटिश फौजेतल्या आयरिश शिपायांसाठी उभे राहिले. पुढे ते पुणे धर्मप्रांताचे कॅथेड्रल झाले. २००५ साली सिंधुदुर्ग धर्मप्रांत वेगळा होईपर्यंत आपण रत्नागिरीचे भाविकही त्याच धर्मप्रांतात होतो. म्हणजे पॅट्रिक हे आपल्या आजोळचे संत म्हणायला हरकत नाही.

या सणाचे रंगरूप अनेकांनी टीव्हीवर पाहिले असेल. हिरवे कपडे, मिरवणुका, छातीवर खोचलेली शॅमरॉकची डहाळी. शॅमरॉक म्हणजे आपल्या आंबुटीसारखी दिसणारी तीन पानांची बारीक वनस्पती. न्यूयॉर्कमध्ये ही मिरवणूक १७६२ पासून निघते. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक रोगाने गेले. सुमारे दहा लाख माणसे दुष्काळात मेली आणि तितकीच देश सोडून गेली. जिथे ती गेली तिथे हा सण गेला. शिमग्याला आणि गणपतीला चाकरमान्यांचा जीव गावाकडे कसा ओढ घेतो हे पाहणाऱ्या आपल्याला त्याचे वेगळे कारण सांगायला नको.

सणाबरोबर कथाही फिरतात. दोन कथा विशेष प्रसिद्ध आहेत. पहिली अशी की, पॅट्रिकने शॅमरॉकचे पान हातात धरून पवित्र त्रैक्य समजावून सांगितले: पाने तीन, देठ एक. दुसरी अशी की, त्याने आयर्लंडमधले सगळे साप समुद्रात हाकलले. फुरशाच्या भीतीने काळोखात बॅटरीशिवाय बाहेर न पडणाऱ्या आपल्या लोकांना ही दुसरी कथा ऐकून हेवा वाटेल!

पण इतिहास काय सांगतो? पॅट्रिक पाचव्या शतकातला. शॅमरॉकच्या कथेचा लेखी उल्लेख अठराव्या शतकातला. सापांचे म्हणाल तर, हिमयुगानंतर बर्फ वितळून समुद्र वर आला आणि आयर्लंड तुटले; साप तिथे पोहोचलेच नाहीत. पॅट्रिकच्या आधी तिसऱ्या शतकातल्या एका रोमन लेखकानेही या बेटावर साप नसल्याची नोंद केली आहे. जे नव्हतेच ते घालवणार कसे?

मग प्रश्न येतो: अशी कथा चर्चमध्ये, धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगावी का? ती खोटे बोलणे नाही का?

संत ऑगस्टीन यांनी खोटेपणावर बराच विचार केला आहे. त्यांच्या मते फसवण्याचा हेतू हा खोटेपणाचा गाभा आहे. दृष्टान्त किंवा रूपक हे खोटे नव्हे. प्रभू येशूने उधळ्या पुत्राची गोष्ट सांगितली तेव्हा त्या पुत्राचे गाव कुठले असे कोणी विचारले नाही. परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला ही कोकणची कथा ऐकताना तो बाण कुठे पडला हे आपण मोजत बसत नाही. सर्प हे पापाचे जुने चिन्ह आहे. त्या अर्थाने सापांची कथा खोटी नाही.

तरीही माझ्या मनाला एक शंका टोचते. कथेमागच्या माणसाला आपण त्या कथेआड लपवतो की काय?

कारण पॅट्रिकने स्वतः लिहिलेले दोन लेख आज उपलब्ध आहेत. त्यांत ना साप आहेत, ना शॅमरॉक. त्यांत आहे एक माणूस. सोळा वर्षांचा असताना आयरिश लुटारूंनी त्याला ब्रिटनमधून पळवून नेले. सहा वर्षे त्याने परक्यांची जनावरे राखली. थंडीपावसात, एकाकीपणात तो प्रार्थना करायला शिकला. एक दिवस तो पळाला, घरी पोहोचला. पुढे स्वप्नात त्याला त्याच आयरिश लोकांची हाक ऐकू आली आणि तो त्यांच्याकडे परत गेला. ज्यांनी गुलाम केले, त्यांच्याकडे शुभवर्तमान घेऊन गेला!

दुसरा लेख म्हणजे एक संतप्त पत्र आहे. कोरोटिकस नावाच्या सरदाराच्या शिपायांनी नुकताच बाप्तिस्मा घेतलेल्या माणसांवर हल्ला केला. काहींना मारले, काहींना गुलाम म्हणून विकले. हे शिपाई स्वतःला ख्रिस्ती म्हणवत. पॅट्रिकने बजावले की, ते पश्चात्ताप करून बंदिवानांना सोडत नाहीत तोवर कोणी त्यांच्या पंक्तीला बसू नये.

आता सांगा, यातले काय सोपे? साप घालवणाऱ्या संताला आपण हात जोडतो आणि मोकळे होतो, कारण चमत्कार कोणी आपल्याकडे मागत नाही. पण वैऱ्याकडे परत जाणे आणि आपल्याच धर्मबांधवांच्या अन्यायाविरुद्ध बोलणे हे मात्र आपल्यालाही जमण्यासारखे आहे. म्हणूनच ते आपल्याला नको असते. दंतकथा सांगण्यात पाप नाही. तिच्या आडोशाला बसून कर्तव्य टाळणे यात आहे. जी कथा संतापर्यंत नेते ती सांगावी. जी वाटेतच थांबवते तिच्यापुढे एक पाऊल टाकावे.

यंदाही प्रायश्चित्तकाळात आपण मांस सोडू, क्रुसाची वाट करू. त्याबरोबर जरा आजूबाजूलाही पाहू. हे आंब्याचे दिवस आहेत. बागांमध्ये राखणीला नेपाळचे गडी आहेत, बोटींवर परमुलखातले खलाशी आहेत. ते गुलाम नाहीत. पण घरापासून दूर, दुसऱ्याच्या जिवावर राहणाऱ्या माणसाचे दुःख पॅट्रिकने भोगले होते. त्यांची मजुरी वेळेवर आणि पुरती मिळते का? ते आजारी पडले तर दवाखान्यात कोण नेते? आपल्यापैकी ज्यांच्या बागा आहेत, बोटी आहेत, त्यांनी हे स्वतःला विचारावे. ज्यांच्या नाहीत त्यांनी निदान त्यांचे नाव विचारावे.

आणि घरात, भावकीत ज्याच्याशी बोलणे तुटले आहे, त्याच्या दारात पुनरुत्थानाच्या सणाआधी एकदा जाऊन यावे. मुलांना सापांची गोष्ट जरूर सांगा. ती सांगून झाली की, त्या मेंढपाळ पोराचीही सांगा.

प्रभू तुम्हांला आशीर्वाद देवो.

तुमचा धर्मगुरू