दलाल की प्रतिपक्षी?

एका तरुण बंधूने नुकताच आम्हांस प्रश्न केला की, "पाळकसाहेब, शेतकरी पावसाच्या भरवशावर पेरणी करतो, तोही नशिबाशी खेळतोच, मग शेअरांच्या भावावर पैसे लावण्यात वाईट ते काय?" प्रश्न थट्टेचा नव्हता. कोणा परक्या मनुष्याच्या सांगण्यावरून त्याने मोबाईलवरून वीस हजार रुपये आधीच भरले होते.

ह्या व्यवहाराचे एक रूप विलायतेत कायदेशीर आहे. त्यास स्प्रेड बेटिंग म्हणतात. १९७४ साली स्टुअर्ट व्हीलर ह्यांनी लंडन येथे ह्या धंद्याची पेढी काढली. त्या काळी तेथील लोकांस सोने विकत घेण्यास सरकारी निर्बंध आड येत. म्हणून सोने न घेता त्याच्या भावावर पैज लावण्याची ही सोय निघाली. रीत अशी की, पेढी दोन भाव सांगते. समजा, एखाद्या निर्देशांकाचा विक्रीभाव ६९९९ व खरेदीभाव ७००१. ह्या दोहोंतील अंतर तोच स्प्रेड, व तीच पेढीची मिळकत. भाव चढेल असे ज्यास वाटते तो ७००१ वर दर अंशामागे १० पौंड लावतो. विक्रीभाव ७०५१ झाला तर ५०० पौंड मिळाले. खरेदीनंतर तोच ६९५१ वर आला तर ५०० गेले. शेअर मात्र कोणी घेतला नाही की दिला नाही. शिवाय ७०,००० पौंडांच्या ह्या सौद्यास सुमारे ३,५०० पौंड अनामत पुरते; म्हणजे भाव शेकडा पाच उतरला की अनामत साफ बुडाली. १५ जानेवारी २०१५ रोजी स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने आपल्या चलनावरील मर्यादा अकस्मात उठविली, तेव्हा कित्येकांचे भरलेले पैसे तर गेलेच, वर देणेही अंगावर बसले. २०१९ पासून सामान्य ग्राहकाचा तोटा खात्यातील रकमेपलीकडे जाऊ देण्यास तेथे मनाई आहे.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे वळू. पावसाची अनिश्चितता शेतकऱ्याने निर्माण केलेली नाही. ती आहेच, आणि ती सोसून तो धान्य पिकवितो. पैज लावणारा जो धोका नव्हताच तो नव्याने उत्पन्न करितो, व त्यातून दाणाही पिकत नाही. एकाचा लाभ तो दुसऱ्याचा तोटाच. कारखान्याचा शेअर घेऊन बाळगणाराही कदाचित बुडेल. परंतु त्याचे हित कोणाच्या नुकसानीत नसते. मुंबईस पूर्वी न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावांवर आकड्यांचा जुगार चाले, मटका हे त्याचेच लेकरू. कापूस पिकविणाऱ्यास त्याचा किती लाभ झाला हे वऱ्हाडातील वाचकांस सांगावयास नको.

दलालाची परीक्षाही येथेच होते. खरा शेअरदलाल बाजारातील अडत्याप्रमाणे आपल्या वतीने सौदा करतो व दलाली घेतो. पैजेची पेढी ही करारातील समोरची बाजू. आपल्या देशात १८७२ च्या करार कायद्याच्या ३० व्या कलमान्वये पैजेचा करार निरर्थक आहे, आणि 'डब्बा' म्हणून चालणारे सौदे तर बेकायदा. तेथे सौदा बाजारात जातच नाही, चालविणाऱ्याच्या वहीतच राहतो. तुमचा तोटा हीच त्याची कमाई.

म्हणून दलालाचा सेबीकडील नोंदणी क्रमांक मागावा, व तो त्याच्या कागदावर नव्हे तर सेबीच्या यादीत पडताळावा. सौद्याची चिठ्ठी चोवीस तासांत येते काय, शेअर आपल्याच नावाच्या डीमॅट खात्यात पडतात काय, हे पाहावे. दलालीच्या दराची चौकशी मागाहून. ठराविक नफ्याची हमी देणारा, अथवा खाजगी इसमाच्या खात्यात पैसे भरावयास सांगणारा, हा दलालच नव्हे. तथापि दलाल नोंदलेला असला म्हणजे निभावले असेही नाही. सेबीने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, मागील तीन वर्षांत शेअरांच्या फ्युचर्स व ऑप्शन्समध्ये उतरलेल्या व्यक्तींपैकी शेकडा ९३ जणांस तोटा झाल्याचे आढळले. आणि हे सर्व सौदे तर कायदेशीर बाजारातले.

त्या तरुणाने आमच्यासमोरच समोरच्या मनुष्याकडे नोंदणी क्रमांक मागितला. क्रमांक आला नाही. आणखी दहा हजार भरल्यास पहिले परत मिळतील, एवढाच निरोप आला. ते त्याने भरले नाहीत. फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेला १९३० हा क्रमांक आम्ही दोघांनी मिळून लावला. वीस हजारांचे काय झाले ते अद्याप कळलेले नाही.