सुइणींची घरे
(परशा शेमोथच्या निमित्ताने)



तोराच्या दुसऱ्या पुस्तकाला आपण शेमोथ म्हणतो. शेमोथ म्हणजे नावे. पुस्तकाच्या आरंभीच याकोबाच्या मुलांची नावे येतात, आणि मग एक गोष्ट ध्यानात येते. ज्या राजाने आपल्या पूर्वजांना विटा थापायला लावले, त्याचे नाव तोराने दिलेले नाही. फारो हा हुद्दा झाला, नाव नव्हे. मोशे रब्बेनूच्या जन्माची कथा येते तेव्हा त्याच्या आईबापांचीही नावे नाहीत. लेवी घराण्यातला एक पुरुष आणि लेवीची एक कन्या, एवढेच. ती नावे पुढे चार अध्यायांनंतर येतात. पण त्या आधीच, पहिल्याच अध्यायात, दोन बायांची नावे स्पष्ट लिहून ठेवली आहेत: शिफ्रा आणि पुआ. दोघी सुइणी.

फारोने हुकूम केला की मुलगा झाला तर जन्मताच मारा. या दोघी परमेश्वराला भ्यायल्या आणि राजाला भ्यायल्या नाहीत. जाब विचारला तेव्हा त्यांनी सांगितले की इब्री बायका फार चपळ. आम्ही पोहोचण्याआधीच त्या बाळंत होऊन मोकळ्या होतात! हे उत्तर वाचताना आम्हांला दर वर्षी हसू येते. कोकणातली कुठलीही वयस्क सुईण पाटलाला असेच उत्तर देऊन मोकळी झाली असती.

मग तोरा सांगते की परमेश्वराने त्यांची घरे वसवली. या वचनावर आपल्या आचार्यांनी पुष्कळ विचार केला आहे. राशी म्हणतो की ही घरे म्हणजे याजकांची, लेव्यांची आणि राजाची घराणी. कारण परंपरेप्रमाणे त्या दोघी म्हणजेच मोशेची आई योखेबेद आणि बहीण मिर्याम. दुसरे काही टीकाकार म्हणतात की त्या इब्री नव्हत्याच, मिसरी होत्या. ते काही असो. ज्या बाईने दुसऱ्यांची घरे बुडू दिली नाहीत, तिचे घर परमेश्वर उभे करतो, एवढे तर साध्या अर्थानेही कळते.

हा परशा आला की आम्हांला डॉक्टर जेरुशा झिराड यांची आठवण होते. त्यांचे आडनावच अलिबाग तालुक्यातील झिराड गावाचे. जन्म मात्र म्हैसूर राज्यातल्या शिमोग्याचा. त्या साधारण अकरा वर्षांच्या असताना त्यांची बहीण फार आजारी पडली आणि मुंबईच्या कामा हॉस्पिटलात डॉक्टर बेन्सन नावाच्या बाईंनी तिच्यावर उपचार केले. आपणही अशीच डॉक्टर व्हायचे, असे त्या मुलीने तेव्हाच ठरवले. पुण्याला शाळा झाली, मुंबईला ग्रँट मेडिकल कॉलेज झाले. पुढे विलायतेला जायला पैसा नव्हता. टाटांच्या निधीतून कर्ज मिळाले आणि महायुद्धाच्या दिवसांत त्या लंडनला शिकल्या. 1919 मध्ये लंडन विद्यापीठाची एम.डी. ही पदवी घेतली. परत येऊन ज्या कामा हॉस्पिटलात बहीण बरी झाली होती, त्याच हॉस्पिटलाच्या त्या प्रमुख झाल्या आणि 1947 पर्यंत ते काम त्यांनी सांभाळले. 1945 मध्ये एम.बी.ई. आणि 1966 मध्ये पद्मश्री हे मान त्यांना मिळाले. पण मानाची यादी वाचणे हे प्रवचनाचे काम नव्हे.

आम्हांला त्यांचे एक काम विशेष मोठे वाटते, आणि त्याचा उल्लेख आपल्यात फारसा होत नाही. 1937-38 च्या सुमारास त्यांनी मुंबई शहरात बाळंतपणात दगावणाऱ्या स्त्रियांचा तपास केला. त्याचा अहवाल 1941 मध्ये सरकारने छापला. त्या काळी बाळंतीण गेली की लोक म्हणत, तिचे आयुष्य तेवढेच. सुहेर पाळून, रडून, माणसे कामाला लागत. डॉक्टरबाईंनी विचारले, का गेली? कशाने गेली? ती वाचली असती काय? मेलेल्या प्रत्येक आईच्या मागे हा प्रश्न लावणे म्हणजे तिला पुन्हा नाव देणे होय, असे आम्ही समजतो. शिफ्रा आणि पुआ यांनी पाळण्यातल्या मुलांना राजापासून वाचवले. आपल्या डॉक्टरबाईंनी आयांना आपल्याच बेफिकिरीपासून वाचवू पाहिले. दुसरे काम काही पहिल्याहून सोपे नाही.

डॉक्टरबाईंनी लग्न केले नाही. तरी समाजाचा संसार त्यांनी केला. 1913 मध्ये, स्वतः ऐन विशीत असताना, बेने इस्राएल स्त्री मंडळ उभे करण्यात त्या पुढे होत्या. 1925 मध्ये ज्युईश रिलिजस युनियन मुंबईत सुरू झाली, तीही त्यांच्याच पुढाकाराने. लंडनच्या सुधारक यहुद्यांचा तो प्रभाव होता, आणि आपल्या जुन्या मशिदींतल्या पुष्कळांना तो रुचला नाही. आम्हीही जुन्या रीतीचे. त्यांच्या सगळ्याच मतांशी आम्ही सहमत नाही. पण प्रार्थना बाईलाही समजली पाहिजे, हा त्यांचा आग्रह खोटा होता असे कोण म्हणेल? नव्वदी ओलांडून त्या गेल्या. त्यांच्या पोटचे कोणी नव्हते, पण त्यांची घरे आज लोद, रामले, अश्दोद, बेर शेवा, दिमोना येथे दिवे लावून शब्बाथला बसतात.

आता थोडे आपल्याविषयी. 1961 ते 1964 या वर्षांत आपल्या लग्नांवरून येथे केवढे रण माजले, ते जुन्या मंडळींना सांगायला नको. मुलगी पाहायला आलेल्यांपेक्षा कठोर प्रश्न: आई कोण, आईची आई कोण, तिच्या मागे कोण? आपण रागावलो, मोर्चे काढले, यरुशलेमात ठाण मांडले. राग रास्तच होता. पण कोणी परका नसताना, घरात निवांत बसून, तोच प्रश्न आपण आपल्याला विचारावा. आईच्या आईचे नाव येते. तिच्या आईचे? तेथे बहुतेकांची जीभ अडखळते.

नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले तेव्हा सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकतो. त्या सात स्त्रियांपैकी एकीचेही नाव आपल्याजवळ नाही. डेव्हिड रहाबी आला, त्याने परीक्षा म्हणून नाना तऱ्हेचे मासे रांधायला दिले, आणि बायकांनी खवले आणि पर असलेले तेवढे वेचून बाकीचे बाजूला सारले. त्यावरून त्याने ओळखले की ही माणसे यहुदी आहेत. तोरा हातात नव्हती, हिब्रू विसरली होती. आपला धर्म त्या दिवशी चुलीपाशी बसलेल्या बायांच्या बोटांत होता. रहाबीचे नाव आपण घेतो. बायांचे राहून गेले.

ते आता परत मिळणार नाही. पण ज्यांना आपण पाहिले, ज्यांच्या मांडीवर निजलो, त्यांची नावे अजून हाती आहेत. अझकारा होते, हशकाबा म्हटली जाते, मलिद्याचे ताट फिरते, आणि मंडळी घरी जातात. नातवंडांना ठाऊक असते ते एवढेच की सावता भारतात जन्मली आणि पुरणपोळी छान करायची. या पुढच्या अझकाऱ्याला, मलिदा वाटण्याआधी, घरातल्या सर्वांत वडील माणसाने उभे राहून सांगावे: हिचे नाव काय, हिच्या आईचे नाव काय, माहेर कोणत्या गावचे, हिने कोणाचे काय केले. कोणाची बाळंतपणे केली, कोणाच्या पोरीला शिकवले, मशिदीत दिव्याचे तेल कोणी पुरवले. पाच मिनिटे पुरतात.

आणि सांगून झाले की कागदावर उतरवून आमच्याकडे पाठवावे. मराठीत लिहिले तर उत्तम. मुलांनी हिब्रूत लिहिले तरी आम्ही त्याचे मराठी करून घेऊ. शेमोथच्या पुढच्या अंकापासून एक पान त्यासाठी राखून ठेवले आहे.